जिल्हा संघातील नवे गडी
दिवाळीनंतर धानाची कापणी उरकून झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात, तेव्हा दवनीवाड्यासारख्या गावी जिल्हा कबड्डी संघात दाखल झालेल्या नव्या गड्यांची जी चिकित्सा पारावर चालते, ती निवड समितीच्या दप्तरातील गुणपत्रकापेक्षा मला अधिक सूक्ष्म वाटते. कारण ज्यांनी तारुण्यात मातीवर गुडघे फोडून घेतले, ते वृद्ध प्रेक्षक नव्या चढाईपटूने किती गुण आणले एवढेच विचारीत नाहीत, तर ३० सेकंदांच्या चढाईत निदान रेषा ओलांडल्यावर त्याचा मागचा पाय कोठे होता, आणि समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच मिळणाऱ्या बोनस गुणाच्या लोभाने त्याने कोपरारक्षकाच्या हाती आपला घोटा तर दिला नाही ना, याचा तपशील मागतात. ही दृष्टी अमूल्य आहे. मात्र मातीवरचा मापदंड मॅटवर जसाच्या तसा लावण्याचा त्यांचा आग्रह मला अन्याय्य वाटतो. मॅटवर बूट घालून वळण्याची गती निराळी, आणि मातीत वाढलेल्या मुलाला ती आत्मसात करण्यास एका हंगामाची तरी मुदत मिळावयास हवी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून विभक्त झालेल्या या गोंदिया जिल्ह्यातून विदर्भाच्या संघापर्यंतची वाट मुळातच अरुंद आहे. तेव्हा पहिल्याच सामन्यात दोनदा पकडल्या गेलेल्या पोराला निकामी ठरविणाऱ्यांनी, आपले तीनच गडी उरलेले असताना त्याने केलेली पकड, जिला नियमानेच एक गुण अधिक मिळतो, तीही हिशेबात धरावी.