पुढचं पाऊल तिचंही

टँगो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काळ्या सुटातला पुरुष, उंच टाचांच्या चपला घातलेली स्त्री आणि तो नेईल तिकडे जाणारी तिची पावलं. सिनेमांनी आपल्याला हेच चित्र दाखवलं. पण हौसेने नाचायला जमणाऱ्यांमध्ये आता नेणारी व्यक्ती पुष्कळदा स्त्री असते.

टँगो वाढला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अर्जेंटिनातलं ब्युनोस आयर्स आणि उरुग्वेतलं मॉन्टेव्हिडिओ या बंदरांच्या शहरांत. २००९ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून केली. जिथे लोक टँगो नाचायला जमतात, त्या कार्यक्रमाला ‘मिलोंगा’ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या मिलोंगात पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसतात. तो दुरूनच नजरेने विचारतो, तिने मान हलवली की दोघं उठतात. नाचायचं नसेल तर तिने नजर वळवावी, कुणाचा अपमान होत नाही. रीत छानच आहे. पण बायका जास्त आणि पुरुष कमी असले, की उत्तम नाचणारीलाही हातावर हात धरून बसून राहावं लागतं.

म्हणून अनेकजणी नेणं शिकल्या. ते सोपं नाही. टँगोत आधी ठरवलेला क्रम नसतो, पुढचं पाऊल त्या क्षणी सुचतं. नेणारी आपल्या छातीच्या हलक्या वळणातून दिशा सुचवते आणि जोडीदाराचं पाऊल पुरतं टेकेपर्यंत थांबते. घाई केली तर समोरच्याचा तोल जातो. सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात. जोडीदार बहुतेक वेळ पाठीमागे चालत असतो, त्यामुळे त्याला धक्का लागू न देणं हीसुद्धा नेणारीचीच जबाबदारी. हुकूम सोडण्यापेक्षा यात सांभाळून घेणंच जास्त असतं.

‘बाईने नेलं तर टँगोची मजाच जाते,’ असं म्हणणारेही आहेत. पण जुन्या काळी पुरुष एकमेकांबरोबर सराव करत, त्यात एकाला मागे चालावंच लागे. मग ही भूमिका जन्माने कुणा एकाची कशी? २००१ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात क्वीअर टँगो महोत्सव सुरू झाला. तिथे कोण नेणार हे स्त्री-पुरुष बघून ठरत नाही.

तुम्ही किंवा तुमची मुलगी जोडीचा कुठलाही नाच शिकणार असाल, तर पहिल्याच दिवशी विचारा, ‘दोन्ही बाजू शिकवाल का?’ सपाट तळव्याचे बूट घाला, सुरुवातीला एखाद्या मैत्रिणीबरोबर नुसतं चालून बघा. दोन्ही बाजू आल्या की जोडीदाराची अडचण आपोआप कळू लागते. आणि पुढचं गाणं सुरू झालं, की कुणी विचारायची वाट न बघता तुम्हीच कुणाला तरी विचारू शकता.