गावाने नेमलेला डॉक्टर

घरातील ज्येष्ठ व्यक्ती आजारी पडली की दोन चिंता एकदमच उंबरठ्यावर येऊन उभ्या राहतात. दुखणे कोणते, ही पहिली. आणि खर्च किती, ही दुसरी. पहिलीचे उत्तर डॉक्टर देतात. दुसरीचे गणित मुलगा, सून किंवा लेक मनातल्या मनात मांडत असते: ठेव मोडावी लागेल का, विमा किती देईल, कोणाकडे शब्द टाकावा? आणि पुष्कळदा आजारी माणूसच हे गणित आधी मांडतो व मुलांना खर्च नको म्हणून दुखणे अंगावर काढतो.

ऐन आजारपणात ही आकडेमोड कोणालाच करावी लागू नये, अशी व्यवस्था काही देशांनी उभी केली. कॅनडातील ‘मेडिकेअर’ ही त्यांपैकी एक. तिची जन्मकथा आज सांगावीशी वाटते, कारण तिचा आरंभ राजधानीत झाला नाही. तो गव्हाच्या शेतांमधील विरळ वस्त्यांत, सामान्य शेतकरी स्त्री-पुरुषांच्या हातून झाला.

एकच तिजोरी

या व्यवस्थेला इंग्रजीत ‘सिंगल पेयर’ म्हणतात. अर्थ साधा आहे: उपचारांचे बिल चुकते करणारा एकच. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे कर भरायचा, तो एका सार्वजनिक निधीत जमा व्हायचा आणि डॉक्टरांचे व रुग्णालयाचे देणे त्या निधीतून भागवायचे. डॉक्टर सरकारी नोकर असलेच पाहिजेत असे नाही. कॅनडात बहुतेक डॉक्टर स्वतंत्रपणेच व्यवसाय करतात. रुग्ण केवळ आपले आरोग्यकार्ड दाखवतो.

खासगी विम्याहून हा विचार मुळातच निराळा आहे. खासगी विम्यात वय वाढले, मधुमेह किंवा हृदयविकार जडला, की हप्ता वाढतो. म्हणजे गरज जेव्हा सर्वांत मोठी, तेव्हाच छत्री महाग होते. एकाच तिजोरीत मात्र तरुण आणि वृद्ध, निरोगी आणि रोगी सारे एकत्र असतात. आज जो देतो, तोच उद्या घेणारा असतो.

गव्हाच्या प्रदेशातील प्रयोग

सस्कॅचेवान हा कॅनडाच्या मध्य-पश्चिमेकडील मैदानी प्रांत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे नुकत्याच वसलेल्या वस्त्या एकमेकींपासून दूर होत्या, हिवाळा कडाक्याचा होता आणि डॉक्टर मोजकेच. पीक बुडाले की रुग्णांना फी देता येत नसे, आणि फी मिळाली नाही की डॉक्टर गाव सोडून जात असे.

१९१४च्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेपुढे हाच प्रसंग उभा राहिला. गावातील डॉक्टर निघून जाण्याच्या बेतात होते. पालिकेने करांच्या पैशातून त्यांना वर्षाला दीड हजार डॉलर देण्याचे ठरवले व डॉक्टर थांबले. गावाची शाळा आणि रस्ता जर सर्वांच्या पैशातून होतो, तर गावाचा डॉक्टर का नसावा, असा हा सरळ हिशेब होता. १९१६मध्ये प्रांताच्या कायद्याने या प्रथेला मान्यता दिली आणि ‘पालिकेचा डॉक्टर’ ही पद्धत गावोगाव पसरत गेली.

यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. घरातील आजाऱ्याची उशापायथ्याशी बसून शुश्रूषा करणाऱ्या त्याच होत्या, बाळंतपणात जीव धोक्यात घालणाऱ्याही त्याच. व्हायोलेट मॅकनॉटन या शेतकरी महिलेने आपल्यासारख्या स्त्रियांना संघटित करून डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालय सर्वांच्या आवाक्यात यावे, यासाठी नेटाने मागणी केली. १९१६च्या सुमारास झालेल्या कायद्यांमागे या संघटित आवाजाचे बळ होते.

पुढे १९३०च्या दशकात दुष्काळ आणि मंदी यांनी हा प्रांत होरपळून निघाला. तेव्हा मॅथ्यू अँडरसन या नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्याने आपल्या मॅककिलॉप पालिकेत दरडोई ठराविक कर बसवून वैद्यकीय उपचारांची योजना उभी केली. १९३९मध्ये त्यासाठी कायद्यात तरतूद झाली. गावातील लोक पैसा एकत्र करून एकमेकांचे दुखणे निभावू शकतात, हे आता कोणाला पटवून देण्याची गरज उरली नव्हती. त्यांनी ते स्वतः करून पाहिले होते.

पहिला मान ज्येष्ठांना

१९४४मध्ये टॉमी डग्लस प्रांताचे प्रमुख झाले. हे मूळचे धर्मोपदेशक. लहानपणी पायाच्या हाडाला जंतुसंसर्ग होऊन त्यांचा पाय कापण्याची वेळ आली होती. एका शल्यचिकित्सकाने विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने विनामूल्य शस्त्रक्रिया केली म्हणून तो वाचला. पाय वाचणे हे योगायोगावर अवलंबून असता कामा नये, ही जाणीव त्यांनी आयुष्यभर जपली.

त्यांच्या सरकारने सर्वांत आधी कोणाचा विचार केला, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. १ जानेवारी १९४५पासून वृद्धत्व निवृत्तिवेतन घेणारे, अंध व्यक्ती आणि शासकीय साहाय्यावर मुले वाढवणाऱ्या माता यांच्या उपचारांचा भार प्रांताने उचलला.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये स्विफ्ट करंट या भागातील नागरिकांनी मतदान करून आपल्यावर आरोग्यासाठी कर बसवून घेण्याचा कौल दिला. त्यासाठी विल्यम बुराक या पालिका-सचिवांनी गावोगावी सभा घेतल्या, पत्रे धाडली, शंकांची उत्तरे दिली. १ जुलै १९४६पासून सुमारे ५० हजार लोकवस्तीच्या त्या भागात डॉक्टर आणि रुग्णालय दोन्हींची सोय सर्वांसाठी सुरू झाली. १ जानेवारी १९४७पासून संपूर्ण प्रांतासाठी रुग्णालय-विमा आला. वर्षाला माणशी पाच डॉलर. कुटुंब कितीही मोठे असले तरी तीस डॉलरच्या वर नाही.

या कथेचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. डग्लस यांनी प्रांताच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी १९४४मध्ये बोलावलेले हेन्री सिगरिस्ट हे वैद्यकाच्या इतिहासाचे नामवंत प्राध्यापक. त्याच वर्षाच्या अखेरीस ते भारतात आले ते भोर समितीचे सल्लागार म्हणून. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व त्या समितीच्या १९४६च्या अहवालात स्पष्टपणे मांडलेले आहे. म्हणजे हा विचार आपल्याकडे परका नाही. तो आपल्या दप्तरात जवळपास आठ दशके पडून आहे.

तेवीस दिवसांची कसोटी

रुग्णालयानंतर डॉक्टरांच्या फीचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा मात्र मोठा संघर्ष झाला. नवा कायदा १ जुलै १९६२ रोजी अमलात आला आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. सरकार आपल्याला नोकर बनवील, रुग्ण व आपण यांच्या मध्ये येईल, अशी त्यांची भीती होती. ती सर्वस्वी खोटी किंवा दुष्टपणाची होती, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. घाबरलेले काही नागरिकही त्यांच्या बाजूने उभे राहिले.

परंतु दुसरीकडे सामान्य लोकांनी हात बांधून वाट पाहिली नाही. त्यांनी वर्गणी काढून सहकारी दवाखाने उघडले. सस्काटून शहरातील असा दवाखाना ३ जुलै रोजी दोन महिला डॉक्टरांच्या बळावर सुरू झाला. ब्रिटनमधून काही डॉक्टर मदतीला आले. ११ जुलै रोजी कायद्याविरुद्ध राजधानीत मोर्चा निघाला. आयोजकांना हजारोंच्या कितीतरी पट गर्दीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात जमले ते चार-पाच हजार. संपाचा जोर तेथेच ओसरला. २३ जुलै रोजी समझोता झाला. डॉक्टर स्वतंत्र राहतील, प्रत्येक सेवेची फी त्यांना मिळेल. मात्र ती सार्वजनिक निधीतून मिळेल. दोन्ही बाजूंची लाज राखणारा असा तो तोडगा होता.

उर्वरित देशाने हा धडा गिरवला. न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने १९६४मध्ये संपूर्ण देशासाठी अशीच शिफारस केली, १९६६मध्ये संघराज्याचा कायदा झाला आणि १९७२पर्यंत सर्व प्रांत त्यात आले. पुढे काही डॉक्टर रुग्णाकडून वरकड पैसे घेऊ लागले, तेव्हा नागरिकांच्या संघटना पुन्हा उभ्या राहिल्या व १९८४च्या कायद्याने त्या प्रथेला आळा घातला.

जे यादीबाहेर राहिले

ही व्यवस्था निर्दोष आहे, असे कोणी समजू नये. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियांसाठी कॅनडात महिनोन्महिने थांबावे लागते, ही तेथील नेहमीची तक्रार आहे. त्याहून बोधप्रद गोष्ट दुसरी आहे. हॉल आयोगाने औषधे आणि घरी मिळणारी शुश्रूषा यांचाही समावेश सुचवला होता. १९६६च्या कायद्यात मात्र डॉक्टरांच्या सेवाच आल्या. परिणामी रुग्णालयाबाहेरची औषधे, दात, घरची शुश्रूषा आणि वृद्धांची दीर्घकालीन देखभाल यांची सोय प्रांतागणिक कमी-अधिक राहिली. निम्न व मध्यम उत्पन्न गटासाठी दंतोपचारांची राष्ट्रीय योजना सुरू व्हायला २०२३चा डिसेंबर उजाडला, आणि काही औषधांपुरता कायदा व्हायला २०२४. मागणीच्या यादीतून जे एकदा सुटते, ते पुन्हा आत यायला एक-दोन पिढ्या जातात, हे यावरून दिसते.

ज्यांची मुले कॅनडात स्थायिक आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावे, की भेटीस गेलेल्या आईवडिलांना या सोयीचा लाभ मिळत नाही. ‘सुपर व्हिसा’साठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचे खासगी विमासंरक्षण दाखवावे लागते.

आपण काय करावे?

आपल्या देशात २९ ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबागणिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले आहे. ज्यांनी ‘वय वंदना’ कार्ड काढले नसेल त्यांनी आधार कार्ड घेऊन ते अवश्य काढून घ्यावे. मात्र ही सोय रुग्णालयात दाखल झाल्यानंतरची आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढ्याच मर्यादेत बाहेरचा खर्च त्यात धरला जातो. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, महिन्याची तपासणी, अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी ठेवलेली मदतनीस, हे सारे यादीबाहेरच आहे. घरोघरी ज्येष्ठांचा पैसा झिरपतो तो याच वाटांनी.

म्हणून पहिले काम यादी करण्याचे. ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या सभासदांचा महिन्याचा औषधांचा व शुश्रूषेचा खर्च नोंदवावा. अंदाजाने नव्हे, पावत्यांवरून. दुसरे काम जवळच्या आरोग्यकेंद्रावर नजर ठेवण्याचे. महाराष्ट्रात २००७पासून पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. गावकऱ्यांनी आरोग्यकेंद्राचे प्रगतिपुस्तक स्वतः भरले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न विचारले. औषधांचा साठा का नाही, कर्मचारी का येत नाहीत, हे विचारायला पद लागत नाही. तिसरे काम मागणीचे. सार्वजनिक आरोग्यसेवा हा हक्क आहे, असे म्हणणाऱ्या जन आरोग्य अभियानासारख्या संघटना २०००पासून देशभर काम करीत आहेत. त्यांच्या निवेदनात आपल्या गोळ्यांचा आणि आपल्या शुश्रूषेचा मुद्दा ठळक यावा, हे पाहणे ज्येष्ठांचे व त्यांची काळजी वाहणाऱ्यांचेच काम आहे.

सार्नियाच्या शेतकऱ्यांना राष्ट्रीय योजना ठाऊक नव्हती. आपला डॉक्टर जाऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. ते मिळवण्यासाठी त्यांनी एकत्र बसून हिशेब केला. आपल्या संघाच्या पुढच्या बैठकीत वाढदिवसांच्या शुभेच्छांनंतर अर्धा तास या हिशेबासाठी राखून ठेवावा.