साडेआठशेंचा हिशेब

सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ मांडली, तेव्हा सगळा भर एका आकड्यावर होता. ८५० शब्द शिका, परक्या माणसाचा व्यवहार चालेल. यादी एका कागदाच्या एका बाजूवर मावत होती. ६०० नामे, १५० विशेषणे आणि उरलेल्या शंभरांत क्रियापदे अवघी १८. पुढे १९४३ मध्ये चर्चिल यांनी हार्वर्डच्या व्यासपीठावरून या योजनेची भलामण केली.

या अठरांत ‘टॉलरेट’ नाही. ‘पोस्टपोन’ नाही. ‘एक्स्टिंग्विश’ही नाही. त्यांची कामे ‘पुट’कडे गेली. सोसायचे असेल तर ‘पुट अप विथ’, पुढे ढकलायचे तर ‘पुट ऑफ’, विझवायचे तर ‘पुट आउट’. ऑग्डेन यांचे म्हणणे असे की, मूळ क्रिया मोजक्याच असतात. त्यांना दिशा जोडली की बाकीची क्रियापदे हवीत कशाला? भांडे आत ठेवायचे की बाहेर, एवढाच प्रश्न असेल तोवर हे खरे आहे.

पण ‘पुट अप विथ’ पाहा. ‘पुट’ यादीत आहे, ‘अप’ आहे, ‘विथ’ही आहे. सोसणे तिघांपैकी एकातही नाही. ते वेगळे शिकावे लागते आणि ८५० मध्ये ते धरलेले नाही. ‘पुट डाउन’ने तर कहर केला आहे. हातातले सामान खाली ठेवणे. नाव लिहून घेणे. बंड मोडून काढणे. चारचौघांत पाणउतारा करणे. आणि दुखण्याने बेजार झालेल्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन मारणे. शिकणाऱ्याच्या डोक्यावर पाच ओझी. यादीच्या लेखी नवा शब्द एकही नाही.

गंमत म्हणजे कात्री लागली ती सोप्या शब्दांना. ‘टॉलरेट’ एकदा पाठ केला की दगा देत नाही. फ्रेंच माणसाला तर तो घरचाच वाटतो. आपल्याकडे ‘पोस्टपोन’ इतका अंगवळणी पडला की त्याच्या जोडीला ‘प्रीपोन’ तयार झाला, साहेबाला न विचारता. ‘पुट ऑफ’वरून असे काही घडवून दाखवावे. ‘ऑफ’च्या उलट ‘ऑन’. पण बैठक अलीकडे आणायला ‘पुट ऑन’ चालत नाही. त्याने अंगात कोट चढतो, वजन वाढते किंवा नाटक रंगमंचावर येते. हे का, याला उत्तर नाही. ज्याच्या कानावर ते लहानपणापासून पडत आले, त्याला प्रश्नही पडत नाही. चर्चिल यांना तो पडला नसावा.

आपणही काही साळसूद नाही. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो आणि घाटात गाडीही लागते. पण ‘लागणे’ आले की मराठीतली पाच क्रियापदे वाचली, असे सांगून आपण कुणा परक्याला शिकवायला बसत नाही.

आणि हा झाला एकटा ‘पुट’. ‘गेट’, ‘टेक’, ‘मेक’, ‘गिव्ह’ हेही त्याच अठरांत आहेत. यादीत प्रत्येकाची नोंद एकदाच.