जुनी मोटार, नवा वेग

बीडच्या मोंढ्यातील व्यापाऱ्याच्या मोटारीला १५ वर्षे होत आली, की घरात दोन मते पडतात. वडील नोंदणीच्या नूतनीकरणाचा विचार करतात. मुलाला आय-ट्वेंटी एन लाइन किंवा अल्ट्रोझ रेसरसारखी सुमारे १२० अश्वशक्तीची टर्बो हॅचबॅक हवी असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील जीएसटी १८ टक्के झाला. या दोन्ही मोटारी त्यात बसतात. मात्र मोटार पेढीच्या नावावर घेतली, तरी किराणा वा कापडाच्या व्यापाऱ्यास या कराचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणून ही खरेदी माल भरण्यासाठी घेतलेल्या कॅश क्रेडिटमधून कधीही करू नये. मोटारीचे कर्ज स्वतंत्र असावे.

मांजरसुंब्याच्या घाटात शक्तीपेक्षा ब्रेक आणि सुरक्षितता मोलाची. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मूळ अल्ट्रोझला २०२० मध्ये पाच तारे मिळाले, आय-ट्वेंटीला २०२२ मध्ये तीन. मुलाने अश्वशक्तीआधी हे आकडे पाहावेत.

हप्ता घरखर्च भागून उरलेल्या शिलकीतून निघत असेल, तर वडिलांनी मुलाची हौस पुरवावी. निघत नसेल, तर जुनी मोटार नीट तपासून तिची नोंदणी पाच वर्षे वाढवून घेण्यात कमीपणा नाही.