अर्ध्या पट्टीवरचं नाव

नागपुरात ‘मेडिकलमध्ये चाललो’ म्हटलं की दोन अर्थ निघतात. एक मेडिकल चौकातलं सरकारी रुग्णालय, दुसरा गल्लीच्या तोंडावरचं औषधांचं दुकान. माझं भांडण दुसऱ्याशी, खरं म्हणजे तिथं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी आहे. ‘भाऊ, दोन डोलो द्या’ म्हटलं की काउंटरमागचा पोरगा कात्रीनं पट्टी कापून दोन गोळ्या हातावर ठेवतो. औषधाचं नाव, मात्रा, मुदत हे सगळं बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावर राहून जातं. आपल्या वाट्याला येतात दोन पांढऱ्या गोळ्या आणि ‘...मॉल’ एवढीच अक्षरं.

डोलोतल्या पॅरासिटामॉलबद्दल आपल्याकडे दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, ‘क्रोसिननं काय होते बे? लहान पोरांनाही देतात.’ या पंथाला सरकारचाही दाखला सापडेल. औषध नियमांच्या ‘के’ परिशिष्टात हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावांत ही गोळी परवान्याशिवाय विकायची मुभा आहे, ग्राइप वॉटर आणि दुखण्यावरच्या बामच्या रांगेत. पण त्याच परिशिष्टात अटही आहे: विकायचं ते कंपनीच्या मूळ, न फोडलेल्या वेष्टनातच. म्हणजे खेड्यातल्या किराणा दुकानदाराला जी कात्री लावता येत नाही, ती शहरात सर्रास चालते.

आता हिशेब मांडू. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4000 मिलिग्रॅम ही शेवटची हद्द. दारू पिणाऱ्याची, किडकिडीत माणसाची, यकृत आधीच दुखावलेल्याची हद्द त्याहून बरीच अलीकडे. ताप आहे म्हणून 650ची गोळी चार वेळा, झाले 2600. नाक वाहतं म्हणून सर्दीची गोळी तीनदा; अशा पुष्कळ गोळ्यांत 500 पॅरासिटामॉल असतं, म्हणजे आणखी 1500. एकूण 4100. रात्री अंग ठणकतं म्हणून आयबुप्रोफेनची जोडगोळी, तिच्यातही 325. माणूस शपथेवर सांगेल की मी तीन वेगवेगळी औषधं घेतली. यकृताच्या वहीत मात्र तिन्ही नोंदी एकाच खात्यावर पडतात.

एका दिवसाच्या जास्तीच्या शे-चारशे मिलिग्रॅमनं धडधाकट माणूस सहसा दगावत नाही, उगाच भीती घालत नाही. पण तापात जेवण सुटलेलं, आणि हेच चार दिवस चाललेलं, असं झालं की गणित फिरतं. या औषधाचा थोडा अंश शरीरात विषारी रूप घेतो. यकृत तो ग्लुटाथायोन वापरून निकामी करतं. ग्लुटाथायोनचा साठा आटला की तोच अंश यकृताच्या पेशी मारू लागतो. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही कळतही नाही. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन. पण एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील तर पहिल्या आठ तासांत तो सगळ्यात गुणकारी. आपण ते तास ‘सकाळी पाहू’ म्हणत घालवतो.

दुसरा पंथ सात्त्विक. ‘इंग्रजी गोळ्या किडनी खातात, दुखणं सहन करावं.’ इथं गुन्हा खरा, आरोपी भलताच. मूत्रपिंडाला धोका मुख्यतः आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या औषधांचा. पुरावा नागपूरकरांच्या हाकेच्या अंतरावर आहे. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि आकाश रिकामं झालं. 2006 साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. 2024मध्ये हरियाणातल्या पिंजोरला पिंजऱ्यात जन्मलेली लांब चोचीची गिधाडं पेंचमध्ये आणून सोडावी लागली. तेव्हा भ्यायचंच असेल तर गुडघ्यांसाठी महिनोन् महिने, डॉक्टरला न विचारता चाललेल्या त्या गोळीला भ्या.

डेंग्यूत तर हा फरक जिवावर येतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेननं रक्तस्रावाचा धोका वाढतो; ताप उतरवायला पॅरासिटामॉलच द्यावं लागतं. आणि ‘सहन करा’ हे एकदा सिकलसेलच्या पोराला सांगून पाहा. विदर्भात हा आजार घराघरांत ठाऊक आहे. कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडं आतून पिळवटतात. अशा घरात वेदनेच्या पहिल्या कळेला दिलेली मोजकी गोळी हा शहाणपणा आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर दवाखाना, सहनशीलतेची परीक्षा नव्हे.

मंडन इतकं केल्यावर माझीच चूक सांगतो. नवतपाच्या कडक उन्हात काटोलहून मामा दुपारच्या एसटीनं आले. अंग भट्टीसारखं, घाम नाही, बोलणं असंबद्ध. मी 650 दिली आणि ताप उतरायची वाट बघत बसलो. तो ताप नव्हताच. फरक असा समजा: 30 मे 2024 रोजी नागपुरात रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान यंत्रानं 56 अंश दाखवले होते. हवामान खात्यानं नंतर सांगितलं, संवेदक बिघडला होता. तापात साधारण असंच होतं, मेंदूतला तापमान-नियंत्रक वर सरकतो आणि पॅरासिटामॉल त्याला खाली आणतं. उष्माघातात नियंत्रक जागेवरच असतो, घर पेटलेलं असतं. तिथं हवं होतं पाणी, ओले कपडे, पंखा आणि गाडी. गोळी नुसती बिनकामाची नव्हती, आधीच पोळलेल्या यकृतावर तो जास्तीचा भार होता. मामा वाचले. डॉक्टरबाई माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाल्या, ‘किती वेळ बसले होते?’

तेव्हापासून मी अख्खी पट्टी घेतो. आईचे गुडघे आहेतच. तिची पॅरासिटामॉलची गोळी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर नोंदलेली असते. दुधाच्या खाड्यांच्या फुल्यांशेजारी, त्याच बोथट पेन्सिलीनं: सकाळी 8, दुपारी 2, रात्री 9. परवा शेजारच्या काकू सर्दीची गोळी घेऊन आल्या, तर आईनं चष्मा लावला, पट्टी उलटी केली आणि म्हणाली, ‘थांब, यात आमचीच आहे का पाहू दे.’