संधाय संभाषा रसशाळेतही हवी

चरकसंहितेच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार वर्णिले आहेत. संधाय संभाषेत समविद्य वैद्य स्नेहभावाने एकत्र बसून परस्परांचे ज्ञान वाढवितात. विगृह्य संभाषेत प्रतिपक्षाला जिंकणे हाच हेतू असतो. आपल्या परिसंवादांतून पहिली परंपरा बऱ्याच अंशी जिवंत आहे. रुग्णानुभव आपण मोकळेपणाने सांगतो, शंका विचारतो. औषधनिर्मितीचा विषय निघाला की मात्र प्रत्येक रसशाळेचे दार आतून बंद होते. सोलापूर परिसरातील लहान व मध्यम औषधनिर्मात्यांनी हे दार निदान कच्च्या द्रव्यांच्या परीक्षणापुरते तरी परस्परांसाठी उघडावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपण नेमके काय लपवितो, याचा प्रथम विचार करू. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मान्य ग्रंथांची यादी आहे व शास्त्रोक्त कल्प त्या ग्रंथांतील पाठानुसारच करावयाचे असतात. सितोपलादि चूर्णाचा किंवा दशमूलारिष्टाचा पाठ हे कोणाचेही गुपित नाही. पाठ एकच असूनही एका रसशाळेचे अरिष्ट गुण देते आणि दुसरीचे देत नाही, याचे कारण द्रव्याची निवड आणि प्रक्रियेतील दक्षता यांत आहे. नेमके येथेच आपण एकेकटे दुबळे ठरतो. अशोकाच्या सालीऐवजी खोट्या अशोकाची साल, बृहत् पंचमुळांच्या मुळांऐवजी खोडाची साल, वावडिंगाच्या नावाने भलतीच फळे, हे प्रकार कोणत्या चिकित्सकास ठाऊक नाहीत? व्यापाऱ्याकडून आलेले पोते डोळ्यांनी, नाकाने व जिभेने पारखणारी जुनी माणसे कमी झाली. एचपीटीएलसी परीक्षण करावे तर लहान निर्मात्याला प्रत्येक तुकडीचा खर्च झेपत नाही. मग विश्वासावर माल उतरवून घेतला जातो आणि त्या विश्वासाची किंमत रुग्ण मोजतो.

दुसरी गोष्ट अपकीर्तीची. २००४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारद वा सोमल आढळले. त्या अभ्यासाच्या मर्यादांविषयी वाद होऊ शकतो. परंतु वृत्तपत्रे वाचणाऱ्या सामान्य माणसाने ७० पैकी ५६ उत्पादनांत ते आढळले नाहीत, हे लक्षात ठेवले नाही. त्याने ‘आयुर्वेदीय औषधांत विष’ एवढेच लक्षात ठेवले. दोष कोणाचाही असो, डाग सर्वांना लागतो. कलंक सामायिक असेल तर त्याचे निवारणही सामायिकच असावे लागते.

शासनाने २००० साली परिशिष्ट ‘टी’द्वारे उत्तम निर्मिती पद्धतीचे निकष लागू केले. स्वतःच्या रुग्णांसाठीच औषध करणारा व ते बाजारात न विकणारा वैद्य त्यांतून वगळलेला आहे. विक्रीसाठी निर्मिती करणाऱ्यास मात्र किमान १२०० चौरस फूट बांधीव जागेपासून गुणवत्ता नियंत्रणापर्यंत सर्व काही पाळावे लागते. हे निकष योग्यच आहेत. परंतु स्वतःची प्रयोगशाळा नसल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून परीक्षण करून घेण्याची मुभा नियमांतच आहे. ही मुभा दहा-पंधरा निर्मात्यांनी एकत्र येऊन वापरण्यास कोणती अडचण आहे?

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या शहरात कापडाची विद्या रुजली. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण विद्या बंद पडली नाही; ती पूर्वभागातील यंत्रमागांवर टिकली. कोणी सूत रंगवितो, कोणी जेकार्डचे नक्षीकाम बसवितो, कोणी माग दुरुस्त करतो. एकाची युक्ति महिन्याभरात शेजारच्या मागावर पोहोचते. एकाच गावी एकवटलेल्या व्यवसायात कसब जणू हवेतूनच पसरते, असे निरीक्षण आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली मांडले होते. आपण ते रोज पाहतो. सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना मिळालेले भौगोलिक मानांकनही कोणा एका कारखान्याचे नसून या परिसराचे आहे. अर्थात, अन्यत्र विणलेली चादर आजही सोलापुरी म्हणून खपविली जाते. नाव सामायिक असून भागत नाही, त्यामागे सामायिक पारखही उभी करावी लागते, हा धडाही तेथूनच घ्यावयाचा.

केरळातील औषधनिर्मात्यांनी हा धडा आपल्या आधी गिरविला. बाजारात परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या निर्मात्यांनी ‘केअर केरलम’ ही कंपनी स्थापून त्रिशूर जिल्ह्यातील कोरट्टी येथे परीक्षणाच्या सामायिक सुविधा उभारल्या. त्यासाठी केंद्राच्या आयुष समूह-विकास योजनेचे साहाय्य घेतले. त्यामुळे कोणाचा ब्रँड बुडाला नाही.

सोलापुरात काय आहे? शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे; तेथील द्रव्यगुण व रसशास्त्र विभागांत जाणकार आहेत. २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक विश्लेषणाची सवय असलेले मनुष्यबळ आहे. आणि केगाव येथे २००५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. या सर्वांमध्ये अंतर काही किलोमीटरांचेच आहे. तुटलेला आहे तो संवाद.

डाळिंबाचेच पाहू. फळसाल अतिसारात, मूळसाल कृमिविकारांत, फळ व बीज दाडिमाष्टकासारख्या कल्पांत आपण वापरतो. डाळिंबाच्या या जिल्ह्यात सालीचा तुटवडा असण्याचे कारण नाही. मात्र तेल्या रोगाने गांजलेला बागायतदार वारंवार फवारण्या करतो आणि फवारणीचा अंश प्रथम सालीवरच राहतो. अशी साल निष्काळजीपणे काढ्यात घालणे हा रुग्णद्रोह होय. एकटा निर्माता यावर काहीच करू शकत नाही. परंतु युरोपात निर्यात करणाऱ्या बागांची ‘अनारनेट’ या व्यवस्थेत नोंदणी होते आणि त्यांच्या फळांतील कीडनाशकांचे अंश तपासले जातात. अशा बागायतदारांशी आपल्या संघटनेने करार करावा, केगावच्या शास्त्रज्ञांचा सल्ला घ्यावा, सालीचे परीक्षण एकत्रित करावे. त्यातून फवारणीची नोंद असलेली, तपासलेली दाडिमत्वक् सर्वांना मिळेल आणि शेतकऱ्यालाही टाकाऊ सालीचे मोल मिळेल. नवनिर्मिती म्हणतात ती हीच.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, अनुभूत योग बाहेर पडतील. त्यासाठी सीमा स्पष्ट आखावी: द्रव्याची ओळख, परीक्षण व खरेदी सामायिक, योग, अनुपान, ब्रँड व ग्राहक ज्याचे त्याचे. दुसरा, कोणी वर्गणी न भरताच लाभ घेईल, किंवा सदोष नमुना आढळल्यास तो दडपण्याचा आग्रह धरील. हा आक्षेप गंभीर आहे. यास्तव वर्गणी उलाढालीच्या प्रमाणात असावी, आणि सदोष तुकडीची माहिती, निर्मात्याचे नाव न घेता परंतु द्रव्याचा व खरेदीच्या ठिकाणाचा उल्लेख करून, सर्व सभासदांना कळविण्याचा नियम प्रारंभीच लिखित असावा. जो हा नियम मानणार नाही त्याने बाहेर राहावे.

प्रारंभ लहान असावा. अशोक, वावडिंग, दशमुळे, गुळवेल व डाळिंब ही द्रव्ये घ्यावीत. महाविद्यालयाच्या सहकार्याने त्यांचे प्रमाणित नमुने एका कपाटात ठेवावेत, तेथे कोणत्याही सभासदाने आपला माल आणून ताडून पाहावा. वर्षभर एकत्रित परीक्षण करून निष्कर्ष याच त्रैमासिकात छापावेत. इमारत व अनुदान यांचा विचार त्यानंतर करावा. आधी इमारत व मग विश्वास हा क्रम आपल्याकडे आजवर फळलेला नाही.

संघटनेच्या आगामी सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी कार्यकारिणीस विनंती आहे. फार्मसीधारक बंधुभगिनींनी त्या सभेस येताना आपल्या कोठारातील अशोकत्वचेचा एक-एक तुकडा सोबत आणावा. ते तुकडे एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले, तरी पुढील चर्चेस विषय पुरेल.