दूध गेलं कुठे?

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. दिल्लीतल्या एका देवळात पहाटे गणपती दूध प्यायल्याची आवई उठली आणि दुपारपर्यंत फोनाफोनीतून देशभर पोचली. लंडनच्या साउथॉलमध्येही मंदिराबाहेर रांग लागली. शुक्रवारी पेपर दारात पडला तेव्हा बातमी शिळी झाली होती. कितीतरी वाचकांनी आदल्या दिवशी स्वतःच चमचा धरला होता. त्यामुळे काय घडलं हे सांगण्यापेक्षा, आपण केलं ते बरोबर की वेडेपणा, याचा निवाडा द्यायची पाळी संपादकांवर आली. आणि वर्गणीदाराला वेडा कोण म्हणणार?

मी वाचनालयात बसून मिळतील ते पेपर चाळले. कुणी मथळ्यात चमत्कार घालून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि अंग काढून घेतलं. कुणी सामूहिक उन्माद म्हणून वाचकांना झापलं. कुणी त्यात राजकारण हुंगलं. कुणी नुसती गर्दी छापली: रांगा, दुधाची टंचाई, खोळंबलेली वाहतूक. ही शेवटची तऱ्हा निःपक्ष वाटते. मला तीच सगळ्यांत लबाड वाटली. पाच कॉलमी गर्दी पाहिली की 'एवढे लोक काय खुळे आहेत?' हे वाचक मनातल्या मनात म्हणतोच. पेपरला म्हणावं लागत नाही.

झापणाऱ्यांचंही चुकलं. चमचा खरोखर रिकामा होत होता, लोकांना भास झाला नव्हता. काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवून जरासा कलवला की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीच्या अंगावरून खाली उतरतं. ओल्या, पांढऱ्या संगमरवरावर ते दिसणार कसं? दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला तेव्हा ओघळ उघडा पडला. इकडे महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही दूध पोटात जात नाही, अंगावरून वाहतं, हेच सांगत होते. पण फोटोग्राफर सोंडेसमोर उभे. मूर्तीच्या पायाशी साचलेलं दूध चौकटीबाहेर राहिलं आणि रंगाचा प्रयोग 'शास्त्रज्ञांच्या मते' या शेपटात गेला.

ऑगस्ट २००६मध्ये मुंबईत माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झाल्याचा गवगवा झाला. शहराची घाण वाहून आणणारी मिठी नदी तिथेच खाडीला मिळते, तरी लोक बाटल्या भरून नेत होते आणि पिऊ नका म्हणून महापालिका ओरडत होती. लगेच दोनतीन दिवसांत गणपती पुन्हा दूध पिऊ लागला. तोवर चोवीस तासांची चॅनेलं आली होती. त्यांना दुसऱ्या दिवसाच्या सकाळची वाट पाहायची नव्हती. चमच्याबरोबरच कॅमेराही सोंडेशी पोचला.